नेफ्यातली दोन बोटं

दुकानाची पायरी चढताना अश्फाक मास्तरांचा पाय त्यांच्याच पँटीत अडकला, आणि शटरची कडी हाताला लागली म्हणून ते तोंडावर पडायचे वाचले. पाहिलं कुणीच नाही. माधवनगरच्या त्या गल्लीत सकाळी साडेनऊला बघायला असतं कोण? पंक्चरवाला अजून उगवला नव्हता आणि चहाच्या गाड्यावरचा माणूस पाठमोरा उभा राहून उतू जाणाऱ्या दुधाशी भांडत होता. तरीही मास्तर बराच वेळ वाकूनच राहिले, किल्ली पडल्याचं सोंग करून. पँटीची मागची कड बुटाच्या टाचेखाली गेली होती, पायरीवर घासून तिला पांढरी रेघसुद्धा पडली होती. बोटभर लांब. नवी कोरी तपकिरी पँट, काल शिवून संपलेली. एरवी नवं काही शिवलं की ते आधी शाहजादीकडे, म्हणजे बायकोकडे, इस्त्रीला जायचं आणि मग अंगावर चढायचं. आज पाहुणी येणार म्हणून घाई झाली, आणि पँट परस्पर चढवली. अडतीस वर्षं सांगलीतल्या माणसांच्या पँटी शिवणारा टेलर स्वतःच्या हातच्या पँटीत पाय अडकून पडतो, ही गोष्ट दुसऱ्या कुणाची असती तर मास्तरांनी ती दिवसभर गिऱ्हाइकांना रंगवून सांगितली असती. आता मात्र त्यांनी पँटीवरची रेघ ओल्या बोटानं पुसली.

शटर वर करून ते आत गेले, पडद्यामागे उभे राहिले आणि गळ्यातली टेप काढून पँटीची लांबी मोजली. साडेअडतीस. पुन्हा मोजली. साडेअडतीसच. आपलं माप साडेअडतीस हे त्यांना आपल्या नावाइतकं पाठ होतं. लग्नाच्या वर्षी घेतलं होतं, तेव्हापासून तेच. आकडा बरोबर आणि पँट मात्र जमिनीवर लोळतेय! म्हणजे आता आकडासुद्धा धड वाचता येईना की काय? की टेप धरतानाच बोट घसरतंय? त्यांनी उजवा हात समोर धरला. अंगठ्याला कात्रीनं पाडलेला जुना घट्टा, करंगळी थोडी वाकडी, हात थरथरत नव्हता. पण अब्बांचा हात तरी कुठे थरथरला होता? मौला टेलर म्हणत त्यांना, आणि तो हात शेवटपर्यंत दगडासारखा होता. एकदा कुणाच्या तरी शर्टाची उजवी बाही डावीपेक्षा अर्ध्या इंचानं मोठी झाली. गिऱ्हाईक ‘फस्क्लास’ म्हणून घालून गेलंसुद्धा. अब्बांना मात्र ते जाताना पाठीमागून दिसलं. त्यांनी कात्रीच्या पात्याला तेलाचं बोट लावलं, ती फडक्यात गुंडाळली आणि म्हणाले, “आता तू.” बस. त्यानंतर चार वर्षं अब्बा दाराजवळच्या बाकड्यावर बसून जाणाऱ्या-येणाऱ्यांची मापं नुसत्या डोळ्यांनी घेत राहिले. “कंबर चौतीस,” असं आपल्याशीच पुटपुटायचे, “डावा खांदा उतरलाय बिचाऱ्याचा.” कात्रीला पुन्हा हात लावला नाही. माप चुकलं की कात्री ठेवायची, असा काही नियम त्यांनी तोंडानं सांगितला नव्हता; पण बघून शिकलेल्या गोष्टी जास्त घट्ट बसतात, आणि ही तर मास्तरांनी रोज चार वर्षं बाकड्यावर बसलेली पाहिली होती. त्यांना तो बाकडा आत्ताही समोर दिसत होता. रिकामा होता आणि पुसून ठेवलेला होता.

टेबलावर भाऊसो सुभेदारांकडच्या सुटाचं कापड पसरलं होतं. गडद निळं, अंगठ्यानं दाबलं की हळूच वर येणारं. भाऊसोंच्या लेकाचं लग्न आठ दिवसांवर आलं होतं आणि नवरदेवाचा सूट अश्फाकशिवाय दुसऱ्यानं कापायचा नाही, असं फर्मान सुटलं होतं. खडूच्या रेघा काल मारून झाल्या होत्या. फक्त कापायचं राहिलं होतं. मास्तरांनी कात्री उचलली, रेघेवर टेकवली आणि परत खाली ठेवली. खडू चुकला असला तर? पुन्हा मोजलं, तर ते मोजणंच चुकत असलं तर? तेवढ्यात फोन वाजला. “मास्तर, कापलं का कापड?” भाऊसो फौजेतनं येऊन वीस वर्षं झाली तरी अजून परेडच्या आवाजात बोलायचे. “कापायलोय की सायेब,” मास्तर म्हणाले आणि फोन ठेवल्यावर त्यांना स्वतःचीच शरम वाटली. खोटं बोलायला त्यांची हरकत नसायची, पण कापडाच्या बाबतीत ते आजवर बोलले नव्हते. एकदा कापलं की कापलं. माणसाला सांगता येतं चुकलो म्हणून, कापडाला नाही. त्यांनी ठरवलं, आज संध्याकाळपर्यंत बघायचं. हात गेला असेल तर भाऊसोंना दुसरा टेलर आपणच दाखवायचा, आणि अब्बांच्या बाकड्यावर जाऊन बसायचं.

अशा मुहूर्तावर ती पाहुणी आली. क्रांती नाव. साताऱ्याच्या एका कॉलेजात शिकवायची, मूळची म्हसवडची, तिशीची असेल. पाठीवर सॅक आणि हातात एक लांबडी पिशवी, मासे धरायला निघाल्यासारखी. दोन दिवसांपूर्वी तिनं फोन केला होता की चाचा, तुमच्याकडे तुमच्या अब्बांच्या मापाच्या जुन्या वह्या आहेत असं ऐकलं, मला बघायच्यात. तेव्हा मास्तरांना बरं वाटलं होतं. आज नको वाटत होतं. “बाई, त्यात काय बघायचं हाय? कंबर, सीट, मांडी, उंची. लोकांच्या ढुंगणाची मापं ती,” ते म्हणाले आणि लगेच जीभ चावली. पण ती खदखदून हसली आणि गिऱ्हाइकाच्या स्टुलावर अशी बसली की आता तासभर हलणार नाही. “तेच पाहिजे मला, चाचा. मी माणसांच्या उंचीचा अभ्यास करते. जुनी माणसं किती उंच होती, यावरनं त्यांचं कसं चाललं होतं ते कळतं.” मास्तरांनी तिच्याकडे संशयानं पाहिलं. उंची हा विषय त्यांच्या आवडीचा नव्हता. शाळेत त्यांना कायम पहिल्या ओळीत उभं करायचे, आणि त्याला कारण हुशारी नव्हतं. “त्यात कळायचं काय? उंची रक्तात असती. आमचं घराणंच बुटकं.”

“ऐका तर,” तिनं बोटांवर मोजायला सुरुवात केली. “माझे पणजोबा अर्जुना, पलटणीत होते, बसऱ्याला जाऊन आले. त्यांच्या कागदावर उंची लिहिलीय, पाच फूट सहा. त्यांचा लेक, म्हणजे माझे आजोबा गुंडा, तेबी फौजेत. पाच सहा. माझे वडील एकाहत्तर सालचे, ते किती? पाच चार. आणि माझा भाऊ जयराज पाच दहा, दारातनं वाकून येतोय. घर तेच, रक्त तेच, चूलबी तीच. मग मधेच वडलांना काय झालं?”

“काय झालं?” मास्तरांनी नको असताना विचारलं.

“मिलो झाली.”

मिलो! हा शब्द मास्तरांनी चाळीस वर्षांत ऐकला नव्हता. ऐकल्याबरोबर त्यांच्या जिभेवर एक खरखर उमटली. बहात्तरच्या दुष्काळात सरकारनं बाहेरून आणून वाटलेली ती लाल ज्वारी, तिच्या भाकरीला कडा नसायच्या, तव्यावरच फुटायची. आणि सुकडी, म्हणजे वाटपाची भाजक्या पिठाची भुकटी, पत्र्याच्या टोपल्यातून ओंजळीत पडणारी, गोड आणि कोरडी. खाताना खोकला आला की निम्मी उडून जायची, म्हणून पोरं तोंड मिटून खोकायला शिकली होती. आटपाडीत होतं तेव्हा मास्तरांचं घर. अब्बांचं दुकान म्हणजे पत्र्याचा एक आडोसा आणि एक मशीन. दुष्काळात कपडे कोण शिवतंय? मशीनवर पोतं टाकून अब्बा खडी फोडायला गेले. सुई ओवणाऱ्या बोटांनी हातोडा धरला, आणि संध्याकाळी घरी आले की ते बोटं आधी पाण्यात बुडवून ठेवायचे आणि मगच पोराला जवळ घ्यायचे. पण मास्तरांना त्या दिवसांतलं दुःख आठवत नव्हतं, हे त्यांचं त्यांनाच नवल वाटे. त्यांना आठवायची ईद. पांढऱ्यावर निळ्या रेघांचा एक पायजमा होता, ईदच्या सकाळी अब्बा त्यांना मशीनवर उभं करायचे आणि अम्मी, शेजारणी, सगळ्यांच्या देखत त्या पायजम्याची खालची दुमड उसवायचे. दाताखाली धागा तुटल्याचा ‘टक्’ असा आवाज. मग दुमड सोडायची, इस्त्री फिरवायची, आणि अब्बा ओरडायचे, “अरं गड्या, दोन बोटं वाढलास की रं! असा वाढत राहिलास तर छपराला भोक पाडावं लागंल!” सगळे हसायचे. पाच-सहा वर्षांचा अश्फाक दिवसभर गल्लीत टाचा न उचलता चालून दाखवायचा, कारण ज्याला खरंच दोन बोटं मिळालीत त्याला टाचा उचलायची गरज काय! लागोपाठ दोन ईदींना तसं झालं होतं. त्यांच्या अख्ख्या आयुष्यात उंचीची म्हणून जी काही चैन झाली ती तेवढीच.

पुढे एकोणिसाव्या वर्षी भरतीच्या मैदानावर उघड्या अंगानं उभे असताना त्यांना ती दोन बोटं फार आठवली होती. लाकडी खांबावरून पट्टी खाली सरकत आली आणि भरतीला लागणाऱ्या पाच सहावर थांबली. डोक्याला लागलीच नाही. पट्टी आणि डोकं यांच्यामध्ये हवा होती, ती हवा त्यांना केसांच्या मुळांशी गार लागली होती. नकळत टाचा उचलल्या गेल्या, तर हवालदारानं बुटाचं टोक लावून दरडावलं, “टाचा टेक!” आणि मग, “पाच पाच. पुढचा.” बरोबरचा बाळासो निवडला गेला, गावाकडे ट्रंक घेऊन आला, आणि अश्फाक टेलर झाला. त्यानंतर त्यांनी फौजेत जाणाऱ्या किती पोरांचे कपडे शिवले आणि त्यांच्या उंचीचा हेवा किती शिताफीनं टेपमध्ये गुंडाळून खिशात घातला, याला गणती नाही. लग्नात नातेवाइकांनी शाहजादीला दाखवलं तेही बसलेलीच. आणि लग्नानंतर ती इतकी मान खाली घालून चालायची की अख्खा मोहल्ला तिच्या अदबीचं नाव काढायचा. मास्तरांना त्या अदबीचा अभिमान होता. एवढ्या वर्षांत त्यांनी तिला मान वर करून चालताना पाहिलंच नव्हतं.

“तुमचे अब्बा किती उंच होते, चाचा?” क्रांती विचारत होती.

मास्तर सवयीनं ‘बुटके’ म्हणणार होते. पण अब्बा त्यांच्या डोळ्यांसमोर नेहमी बसलेले असायचे, मशीनवर वाकलेले, नाहीतर बाकड्यावर. उभे अब्बा कसे होते? आटपाडीच्या पत्र्याखालून बाहेर येताना ते मान तिरकी करायचे, ते का करायचे? आणि मग त्यांना दुसरी गोष्ट आठवली. अब्बा गेले तेव्हा कफनाचं कापड मास्तरांनी स्वतः मापलं होतं, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नव्हता. आयुष्यात अब्बांचं माप घ्यायची ती एकच वेळ. डोळ्यांतून पाणी गळत होतं तरी बोटं आपलं काम करत होती, आणि कापड नेहमीपेक्षा वीतभर जास्त लागलं होतं. तेव्हा त्यांना वाटलं होतं, रडण्यात माप वाढलं. “पाच आठ,” ते सावकाश म्हणाले. “पाच आठ असतील, बाई.”

“आणि अम्मी?”

“अम्मीबी काय लहान नव्हती.”

“मग घराणं बुटकं कुठनं आलं?” क्रांतीनं असं विचारलं की जणू मास्तरांनीच ते कुठेतरी लपवून ठेवलंय. एवढी साधी बेरीज त्यांनी अठ्ठावन्न वर्षांत केली नव्हती. ती पोरगी आपल्या नादात बोलत होती, लहानपणी पोटात काय पडलं, अंग कितीदा तापलं, पाणी कसलं प्यायलं, ते हाडं लक्षात ठेवतात. सरकारच्या कागदात पाऊस किती पडला ते सापडतं, पण पोरांच्या पोटात किती पडलं ते शोधायचं तर भरतीची रजिस्टरं बघावी लागतात, नाहीतर टेलरच्या वह्या. रजिस्टरांत फक्त मोठे बाप्ये सापडतात. पोरं टेलरकडे. “आणि बायका कुठंच सापडत न्हाईत,” ती जरा चिडून म्हणाली. “ना पलटणीत, ना जेंट्स टेलरच्या वहीत. माझ्या आजीची, रंगुबाईची उंची आमच्या घरात कुणालाच माहीत न्हाई.” मग तिनं ती लांबडी पिशवी उघडली. आतून घडीची मोजपट्टी निघाली. “उभं राहा चाचा. जिथं जाते तिथं पहिल्यांदा घरमालकाला मोजते. नियम हाय माझा.”

मास्तर नको नको म्हणत भिंतीला पाठ लावून उभे राहिले, आणि अंग आपोआप एकोणीस वर्षांचं झालं. छाती पुढे, हनुवटी आत. टाचा टेकलेल्या, कुणी न सांगता. पट्टी खाली आली आणि या वेळी डोक्याला लागली. “पाच फूट सव्वाचार,” क्रांती म्हणाली.

“पाच पाच,” मास्तर तिथल्या तिथे म्हणाले. “हवालदारानं सांगितलेलं हाय. पुन्ना बघ.”

तिनं पुन्हा पाहिलं. सव्वाचार. “चाचा, वय झालं की मणके दबतात. तुमी तर जन्मभर मशीनवर वाकलेले. पाऊण इंच म्हंजे काहीच न्हाई. पाठ बसती, पोट जरा सुटतं, कंबर खाली येती. पँटी लांब होत असतील बघा तुमच्या.”

मास्तरांनी खाली पाहिलं, टाचेखाली गेलेल्या तपकिरी कडेकडे. अडतीस वर्षांत दर गिऱ्हाइकाचं माप नव्यानं घेतलं. रोज येणारा असला तरी घेतलं. “माणूस बदलतो, कापड न्हाई” हे पोरांना शिकवलं. आणि स्वतःचं? लग्नातलं साडेअडतीस घेऊन बसलो! “म्हंजे हात न्हाई गेला?” त्यांनी विचारलं. क्रांतीला काही कळलं नाही. “आगं पोरी, हात न्हाई गेला माझा! मी बुटका झालोय! नुसता बुटका झालोय!” आणि ते इतक्या जोरात हसले की आता आलेला पंक्चरवाला पाना हातात घेऊन दारात आला. “काय झालं मास्तर?” “पाऊण इंच कमी झालो रं!” पंक्चरवाल्यानं डोकं खाजवलं आणि मुबारक म्हणून टाकलं. सगळी जिंदगी एका इंचासाठी हळहळलेल्या माणसाला होता त्यातलाही पाऊण इंच गेल्याचा एवढा आनंद होतो काय? मास्तरांना झाला. त्यांनी दोन चहा सांगितले, मग तीन सांगितले, आणि टेबलाखालची ट्रंक स्वतः ओढून बाहेर काढली. “घे, बघ काय बघायचं ते. सगळ्या बघ.”

वह्यांना डांबराच्या गोळ्यांचा आणि मशीनच्या तेलाचा वास येत होता. अब्बांच्या वह्या खाली होत्या, अरुंद, लांबट. क्रांतीनं बहात्तरची उघडली आणि बोट फिरवत वाचायला लागली. आटपाडीची पोरं एका खाली एक उभी होती. केरबाचा थोरला, चड्डी, उंची इतकी, दुमड तीन बोटं. पुढच्या वर्षी तोच, तेवढाच, ‘दुमड तशीच’. दुसरा एक, ‘दुमड तशीच’. तिसरा. पुढे एक-दोन नावं परत आलीच नव्हती. कुठे गेली ते वही सांगत नव्हती. “बघा,” क्रांती हळू आवाजात म्हणाली, “सगळ्यांच्या आया वाढत्या अंगाचं शिवा म्हणून सांगून गेल्या, आणि दोन वर्षांत एकाचीबी दुमड सोडायला लागली न्हाई.” मास्तरांना वाटलं, माझी लागली होती की! दोनदा. ते तिला ऐटीत सांगणार, एवढ्यात तिचं बोट थांबलं. “हा अश्फाक म्हंजे तुमी?”

मास्तरांनी चष्मा चढवला. अब्बांचं अक्षर बारीक, टिपेसारखं सरळ. ‘ईद ७२. अश्फाक. पायजमा, उंची साडेतेवीस. दुमड ४ बोटं.’ त्याच्या खाली, ‘ईद ७३. पावणेचोवीस. कापड जुनंच. नेफ्यात २ बोटं घेतली, पायात २ बोटं सोडली.’ त्याच्या खाली, ‘ईद ७४. पावणेचोवीस. नेफ्यात २, पायात २.’ टेलर माणसाला ते वाचायला वेळ लागत नाही, तरी मास्तरांनी ते तीनदा वाचलं. नेफा म्हणजे कमरेची ती नाडी ओवायची पट्टी. तिथे वरच्या वर दोन बोटं कापड आत घेतलं की पायजमा दोन बोटं आखूड होतो. मग खालची दोन बोटं सोडली की पुन्हा होता तेवढाच. पोराला वरचं कळत नाही. वर कुडता असतो. त्याला दिसतं ते खालचं, सगळ्यांच्या देखत, दातानं धागा तोडून, इस्त्री फिरवून. दिवसभर खडी फोडलेल्या बोटांनी अब्बांनी आदल्या दिवशी बसून नेफ्यात दोन बोटं लपवली होती. पोर वाढलंच नव्हतं. दोन वर्षांत पाव इंच. गावात कुणाचंच वाढलं नव्हतं, पण आपलं पोर ईदला हसलं पाहिजे म्हणून त्यांनी ते वाढवलं. आणि तो माणूस पोराशी खोटं बोलला तरी वहीशी बोलू शकला नाही. जे केलं ते लिहून ठेवलं, टेलरला लिहावंच लागतं. मास्तरांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते पुसले नाहीत. “चाचा?” क्रांती म्हणाली. “थांब,” ते म्हणाले, “पुढचं पान.” पुढच्या पानावर पंचाहत्तर साल होतं, तोवर पाऊस झाला होता आणि अब्बा माधवनगरला गिरणीच्या आवाजात येऊन बसले होते. ‘ईद ७५. अश्फाक. नवा पायजमा. उंची सव्वीस.’ आणि शेजारी, आकड्यांच्या वहीत कुठेच नसलेला, एकच शब्द. ‘वाढला.’

क्रांती दुपारी गेली. वह्या नेल्या नाहीत, पान पान फोटो काढले. जाताना मास्तरांनी तिला बजावलं, “तुझ्या पुस्तकात आमचं नेफ्याचंबी लिही. न्हाईतर लोकांना वाटंल पायजमा लांब झाला म्हंजे पोरगं वाढलं.” ती म्हणाली, लिहिणार, पहिल्या पानावर. मग मास्तर टेबलाजवळ आले, निळ्या कापडावर हात फिरवला आणि कात्री घातली. कापड कचकच न करता, एका लांब श्वासासारखं फाकत गेलं. भाऊसोंना त्यांनी स्वतःहून फोन केला. “कापलं, सायेब.”

उन्हं कलताना ते घरी आले तेव्हा शाहजादी अंगणातल्या दोरीवरचे कपडे काढत होती. त्यांची राखाडी पँट, काळी पँट. मास्तरांनी काळीची कड सहज उलटून पाहिली आणि थबकले. आत बारीक हातशिलाई होती, उजवीकडून डावीकडे न जाता डावीकडून उजवीकडे गेलेली; सगळ्या सांगलीत असे टाके एकच डावखुरी बाई घालते. राखाडीलाही तेच. बोटभर आत. “हे कवापासनं?” त्यांनी विचारलं.

शाहजादी कपड्यांच्या ढिगामागे गेली. “मागल्या रमजानपासनं. आवं, कड घासायला लागली हुती. मी कापड मोजून बघितलं, तर तुमचं साडेअडतीस बरोबर. मग कळलं मला.” ती घुटमळली. “उंचीचं काय निघालं की तुमचा चेहरा पडतोय. म्हटलं, कशाला सांगायचं? इस्त्रीला आली की दुमडायची. आज तपकिरी तेवढी निसटली बघा.”

मास्तर उंबऱ्यावर बसले. रागवावं की हसावं ते त्यांना ठरवता येईना, म्हणून ते आधी हसले. मग दुकानातून सोबत आणलेली बहात्तरची वही तिच्यासमोर धरली आणि नेफ्याचं सगळं सांगितलं. ती उभ्या उभ्या ऐकत होती, मान खाली, पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरत. रंगुबाईची उंची कुणालाच माहीत नाही, क्रांती म्हणाली होती. मास्तर उठले. “इकडं ये. चौकटीला टेक.”

“मला कशाला मोजताय? मी काय भरतीला चाललीय?”

“टेक म्हणतो न्हवं.”

ती टेकली. गुडघे नेहमीप्रमाणे किंचित मोडलेले, मान पुढे. एवढ्या जवळून, टेलरच्या नजरेनं, त्यांनी तिला आज पहिल्यांदा पाहिलं आणि त्यांना ते दिसलं. बाप रे, ही अदब नव्हती. बत्तीस वर्षं ही बाई आपल्याशेजारी नेफ्यात दोन बोटं घेऊन चालत होती. सपाट चपला, मोडलेले गुडघे, आणि मोहल्ल्याकडून वर शाबासकी. आवाज त्यांनी भाऊसोंसारखा काढला. “गुडघे सरळ. मान वर.”

“आवं...”

“वर म्हणतो. मला सगळं माहीत झालंय.”

शाहजादीनं त्यांच्याकडे पाहिलं. मग हळूहळू, घडी घातलेलं कापड उलगडावं तशी, ती सरळ झाली. गुडघे, पाठ, मग मान. तिची नजर मास्तरांच्या कपाळावरून पलीकडे गेली, अंगणापार, आणि ती स्वतःच दचकली. मास्तरांनी कानामागचा खडू काढला, पण डोक्यावर खूण करायला त्यांना टाचा उचलाव्या लागल्या. “टाचा टेका, पडाल,” शाहजादी म्हणाली आणि फिसकन हसली. आणि हवालदाराचा तो शब्द तिच्या तोंडून ऐकून मास्तरही एवढे हसले की खूण वाकडी झाली, ती पुसून पुन्हा करावी लागली. पाच फूट साडेपाच. उंबऱ्यावर बसून त्यांनी अब्बांची वही शेवटच्या कोऱ्या पानावर उघडली. आधी स्वतःचं लिहिलं, ‘अश्फाक. पाच फूट सव्वाचार. पँट पावणेअडतीस.’ मग खाली, जेंट्स टेलरच्या पन्नास वर्षांच्या वह्यांत पहिल्यांदाच, एका बाईचं नाव. ‘शाहजादी. पाच फूट साडेपाच.’ क्षणभर थांबून त्यांनी शेजारी एक शब्द लिहिला.

“काय लिवलं?” ती अजून चौकटीलाच टेकून होती, खाली यायला तयार नव्हती.

“वाढली.”

“इश्श! ह्या वयात? कवा वाढले मी?”

“आत्ताच,” मास्तर म्हणाले. “माझ्या डोळ्यांदेखत.”